आक्काने पास केलेला पत्ता

हिरेमठ दुकानांच्या पाट्या शेवटाकडून वाचतात.

निवृत्त होणाऱ्या शिपायासाठी शाल आणायला आम्ही दोघं नवी पेठेत गेलो होतो. भर गर्दी, मागून रिक्षावाला हॉर्न बडवतोय, आणि हे मध्येच थांबून एका साडीच्या दुकानाच्या पाटीवर तळाशी लिहिलेला वेबसाइटचा पत्ता निरखतायत. "मॅडम, नाव कुणी पण लावतंय. शेपूट बघा, शेपूट! डॉट कॉम. म्हणजे खासगी. असू द्या, साड्याच विकतायत की." एवढं झाल्यावर मग शाल.

हिरेमठ आमच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत आणि त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. सरकारी आहे, सोलापुरात आहे आणि मला तिथूनच निवृत्त व्हायचंय.

हे शेपटाचं वेड त्यांना उगाच लागलेलं नाही. आमची वेबसाइट काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने करून दिली आणि पत्ता घेतला डॉट कॉमचा. सरकारी शेपूट फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं; त्यासाठी साहेबांच्या सहीचं पत्र, अर्ज, वरची मंजुरी. तेव्हा एवढं कोण करतो? आता वरून आदेश आला की खासगी पत्ते बंद करून सरकारी घ्या. जुन्या पत्त्याची मुदत महिनाअखेर संपत होती आणि कंत्राटदार फोन उचलत नव्हता, म्हणजे मुदत वाढवायचीही सोय नाही. नवा पत्ता ठरवून लवकर लोकांना सांगणं एवढंच हातात होतं, आणि ते काम हिरेमठांच्या गळ्यात पडलं.

मुळात हा माणूस घाबरट. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघणार, पुन्हा जिना चढून परत ओढणार. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, तेव्हा थांबवायलाही कुणी नाही. "उद्या मुदत संपली आणि कुणा भामट्यानं तोच पत्ता उचलला तर?" ते मला दिवसातून चारदा विचारायचे. "गावोगावच्या भिंतींवर तोच रंगवलाय आपण. करकंबचा माणूस आपलाच समजून तितं आधार नंबर देऊन बसंल की!" रोज सकाळी आल्याआल्या जुनी वेबसाइट उघडायचे आणि उघडली की मोठ्याने सांगायचे, "हाय! अजून हाय!" दवाखान्यात कुणी अत्यवस्थ असल्यागत आम्हीही हुश्श करायचो. मला हसू यायचं, पण खरं सांगते, हळूहळू मलाही भीती वाटायला लागली होती.

नाव ठरवायला बैठक बसली. साहेबांना त्यांच्या लाडक्या योजनेचं नाव पत्त्यात हवं होतं. हिरेमठ म्हणाले, "साहेब, तुमची बदली झाली की पत्त्याची पण बदली करायची का?" साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. कॉम्प्युटर विभागाच्या पोराला कार्यालयाच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडायची होती. ती म्हणून दाखवताना त्याचीच जीभ अडकली.

तेव्हा हिरेमठांनी तोडगा काढला. "माझी थोरली बहीण मोडनिंबला असते. पत्ता फोनवर एकदाच सांगायचा. आक्कानं बरोबर लिवला, तर जिल्ह्यात कुणीबी लिवंल." साहेबांना ही कल्पना एवढी आवडली की त्यांनी ती इतिवृत्तात घातली, आणि तिथेच सगळे फसले. कारण आता आक्काने पास केल्याशिवाय पत्ता पुढे जाईना.

रोज दुपारी चहा झाला की हिरेमठ फोन लावायचे. "आक्का, सरकारी काम हाय. लिव." मग सावकाश एकेक अक्षर. मग "वाच बघू." मग कपाळावर आठ्या. "हौदा? असं व्हय? मधलं गेलं की गं." फोन ठेवून जाहीर करायचे, "नापास!" साहेबांचं योजनेचं नाव पहिल्याच दिवशी गारद झालं. आद्याक्षरं दोनदा नापास झाली. मध्ये आडवी रेघ असलेला पत्ता सांगितला तर आक्काने विचारलं म्हणे, रेघ किती लांब मारू? शेवटी एक साधं, सुटसुटीत, सोलापूरचं नाव असलेलं सुचलं. ते तर शाळेतलं पोरही लिहील. आक्का त्यातही एक अक्षर विसरली.

महिना संपत आला. "हे कार्यालय मोडनिंबवरून चालतं का?" साहेब कडाडले. "सोमवारी पत्ता आला नाही तर कारणे दाखवा नोटीस काढतो, हिरेमठ." हिरेमठांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "सोमवारी परत इचारतो साहेब, आक्काला."

माझं सासर मोडनिंबच्या पुढे. रविवारी जाता जाता मी वाट वाकडी करून आक्कांकडे गेले. म्हटलं, बघावी तरी ही बाई, जिच्यापायी आमचे साहेब ओरडतायत. ओसरीवर बसल्या होत्या, चष्मा लावून औषधाची पट्टी वाचत होत्या. ती इंग्रजीत होती. हिरेमठांच्या कार्यालयातली म्हणून मी ओळख सांगितली, तर त्यांनी गोळीचं नाव, तिच्यातलं औषध, संपायची तारीख असं सगळं धडाधडा वाचून दाखवलं आणि विचारलं, "ही जेवणाआधी घ्यायची का मागनं, तेवढं लिवलेलं न्हाय बघा."

मी बघतच राहिले. "आक्का, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"न येऊन? बालवाडीवर होते की मी, रिटायर होईस्तोर."

"मग पत्ता रोज कसा चुकतो?"

आक्का पदराला हात पुसत बसल्या. "आमचे मालक वारले तवा ह्यो न्यायला आलता, सोलापूरला चल म्हणून. मी न्हाय म्हणले. लई भांडलो. रोज उठून माझी काळजी करायला फोन करायचा न्हाय, असं म्हणून बसले मी. तवापासनं फोन बंद. आता काम निघालंय तर करतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहिल्यांदाच बरोबर लिवलं, तर दुसऱ्या दिवशी कशाला करंल त्यो?"

या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुमच्या एका अक्षरापायी सरकारी काम अडलंय? पण सांगितलं. मुदत, नोटीस, सगळं.

"नोकरी जाईल त्याची?"

"नोकरी नाही जात. पण नावाला डाग लागतो."

"आणि येवढं होऊस्तोर गप ऱ्हायला? लहानपणापासनं असाच हाय त्यो!" त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सोमवारी चहा झाला. हिरेमठांनी फोन लावला. पुढ्यात साहेब उभे. "आक्का, सरकारी काम हाय. लिव." त्यांनी अक्षरं सांगितली. "वाच बघू." आक्कांनी एका दमात वाचून दाखवलं. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, शेपटासकट. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिथल्या तिथे पत्रावर सही केली आणि अर्ज गेला. जुन्या पत्त्याच्या मुदतीआधी नवा मिळेल आणि लोकांना कळवताही येईल, असं वरून कळलं.

एवढा घोर मिटला तर माणूस पेढे वाटेल. हिरेमठ फोन हातात धरून बसून राहिले. मला राहवेना. म्हटलं, "काल मी आक्कांना भेटले."

त्यांनी मान वर केली नाही. "मला म्हाईत होतं, मॅडम. एबीसीडी तिनंच शिकवलीय मला. ती कशी चुकंल?"

"मग उद्याही करा की फोन."

"कामाशिवाय?" ते खरोखरच घाबरले होते. जुना पत्ता बंद पडायच्या भीतीने घाबरायचे त्याहून जास्त. "कामाशिवाय काय बोलायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मी उगाचच फाइल चाळत बसले. हिरेमठांनी फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"आक्का," ते म्हणाले, "काम काय न्हाय."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. हिरेमठही बोलेनात. फोन कानाला तसाच होता, आणि दोघांपैकी कुणीही तो ठेवला नाही.