टिटवाळ्याचा पेढा आणि कंपनीचं अपील

"मी असताना अपिलाची कसली काळजी!" हेमाताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, पण थाट असा की जणू हायकोर्ट त्यांच्या देवघरातच भरतं!

डोंबिवलीच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली श्रीपादरावांचा उजवा पंजा सापडला होता. कामगार आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, तर कंपनी निघाली हायकोर्टात. म्हणे, हात उत्तम चालतो! आज कंपनीचे सबनीस समेटाचं बोलायला ठाण्याला घरी येणार होते.

"काकू, काकांचा हात मांडीवरून हलू देऊ नका," वकील कादंबरीने बजावलं. "आणि त्या करंगळीबद्दल चकार शब्द नको!"

करंगळी काल हलली होती. हेमाताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. रोजच्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांचं फळ, दुसरं काय!

सबनीस आले ते पुडा घेऊनच. "टिटवाळ्याला जाऊन आलो. घ्या, गणपतीचा प्रसाद."

श्रीपादरावांनी पढवल्याप्रमाणे डावा हात पुढे केला.

"अहो! प्रसाद डाव्या हातात?" हेमाताई बोलून गेल्या.

झालं! इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. उजवा हात शाळेतल्या हजेरीसारखा ताडकन वर आला. कादंबरीने डोळेच मिटले.

"वा! हात तर झकास उठतोय की!"

"छे हो, तो फक्त देवासाठी उठतो," हेमाताई सावरायला गेल्या आणि झाकण उडालेल्या कुकरसारख्या सुटल्याच. "पण सुधारतोय हं! काल करंगळी हलली. दिवाळीला बघा, कंदील तेच टांगतील!"

"काकू!!"

"म्हणजे आमचं अपील बरोबरच," सबनीस हसले आणि त्यांनी त्या पंजावर पेढा ठेवला. "धरा."

श्रीपादरावांनी जोर लावला. कपाळाला घाम फुटला, मानेची शीर फुगली. बोटं मात्र दुसऱ्या कुणाची असावीत तशी पडून राहिली. पेढा कलंडला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला.

"अहो, पण काल करंगळी..."

"ती मी डाव्या हाताने खालून ढकलली होती," श्रीपादराव ओशाळून म्हणाले. "तू इतक्या आशेने बघत होतीस गं."

सबनीसांनी गुडघे टेकून पेढा काढला. उठल्यावर त्यांना कुणाकडे बघवेना. "मालकांशी बोलतो मी. अपील मागे घ्यायला लावतो."

"काकू, जिंकलो आपण!" कादंबरी जवळजवळ ओरडलीच.

"हो गं," नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत हेमाताई म्हणाल्या. "पण कंपनीचंच खरं निघालं असतं, तर किती बरं झालं असतं!"