अप्पांच्या गळ्यातला मुका कॅमेरा

आमच्या समोरचे अप्पा लग्नाचे फोटो काढतात, पण कॅमेरा कधी डोळ्याला लावत नाहीत. मुठीत मावेल एवढा, मिररलेस म्हणतात तसला नवा कॅमेरा पोटाशी धरायचा, त्याच्या उघडलेल्या पडद्यावर ओझरती नजर टाकायची, मान वर करायची आणि म्हणायचं, "कॅमेऱ्याकडं नको, माझ्याकडं बघा की!" आता अप्पांकडं बघण्यासारखं काय आहे? पुढचे दोन दात गेलेले, मिशी एका बाजूला कललेली. पण माणसं बघतात आणि हसतात.

बायको गेल्यावर अप्पा अक्कलकोट रोडचं बिऱ्हाड मोडून जुळे सोलापुरात एकटेच राहायला आले. त्याआधी तीस वर्षं त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यानं लग्नं काढली. हातभर लेन्स, वर फ्लॅश, खांद्याला बॅग. ते मांडवात शिरले की वऱ्हाड बाजूला व्हायचं म्हणे. ते सगळं सोडून त्यांनी हा छोटा धरला. वरपक्षाची माणसं तोंडावर म्हणायला लागली, "एवढ्याशा डबीत आमचं लग्न मावतंय व्हय?" एकामागोमाग तीन लग्नं हातची गेली.

मग अप्पांनी तोड काढली. जुना कॅमेरा, बॅटरी काढून, नुसता गळ्यात अडकवायचा. पाहुणे खूश, आणि काम छोट्यावर.

"मुका हाय," मला हळूच म्हणाले, "पण वजन हाय की. लोकांना वजन लागतंय."

हे सगळं ठाऊक असूनही माझ्या मुलीच्या लग्नात माझं डोकं फिरलंच. व्याह्यांनी विचारलं, "तो मोठा नुसताच लोंबतोय का हो?" झालं! मी भर मांडवात ओरडलो, "अप्पा, मोठा लावा डोळ्याला! पोरीचं लग्न एकदाच होतं. फोटो बिघडले तर दारात उभं करणार नाही तुम्हाला!"  अप्पांनी गळ्यातला मुका कॅमेरा डोळ्याला लावला, दोनदा उगाच बटण दाबलं आणि ते पुन्हा छोट्याकडं वळले.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. पाठवणीच्या फोटोत पोरगी रडता रडता हसत होती, अगदी घरी हसते तशी. आमची ही तो फोटो हातातून सोडेना. मला माझीच लाज वाटली. पेढे घेतले आणि समोर गेलो. दोन वर्षांचा शेजार, पण आमचं बोलणं सगळं फाटकातलं. आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

भिंतीवर हार घातलेला बायकोचा फोटो होता. ओळखपत्रावरचा, ताणून मोठा केलेला. चेहरा पुसट, डोळे भेदरलेले. तीस वर्षं लोकांच्या लेकी-सुनांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात हा असला फोटो!

"अप्पा, वहिनींचा दुसरा नाही?" मी विचारून बसलो.

"न्हाय, सर. तिनं काढूच दिला न्हाय. मी कॅमेरा उचलला की पदर तोंडावर. मला वाटायचं, लाजती. शेवटच्या आजारात बोलली, 'एवढं मोठं धूड तुमी तोंडाला लावता, मला तुमचं तोंडच दिसत न्हाय. मग मी कुणाकडं बघून हसू?'"

छोटा कॅमेरा टेबलावरच होता. अप्पांनी तो उचलला.

"दुसऱ्याच दिवशी ह्यो सांगितला. येईस्तवर ती गेली."

 "चुकलं माझं, अप्पा," मी म्हटलं आणि पेढे पुढं केले.

"असू द्या की. बसा हितं, तुमचा एक काढतो." त्यांनी कॅमेरा पोटाशी धरला. "माझ्याकडं बघा, सर."

मी बघितलं. हसायचं होतं, पण काही केल्या हसू येईना.

"घाई न्हाय," अप्पा म्हणाले आणि स्वतः हसत, माझ्याकडं बघत तसेच उभे राहिले.