विमलाबाईंच्या हंडीतला विषाणू

सप्ताहाच्या काल्याला दही विमलाबाईंच्या घरचंच, हे नाचणगावात ठरलेलं होतं. त्यांच्या गल्लीतलं सगळं विरजणही मूळ त्यांच्याच हंडीतलं. अपवाद फक्त समोरच्या मनकर्णाबाईंचा. त्यांनी विरजण माहेराहून, अल्लीपूरहून आणलं होतं. ते आंबट म्हणून विमलाबाईंनी एका पंगतीत नाक मुरडलं आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

काला तीन दिवसांवर आला असताना सुनेनं, वर्षालीनं, फ्रिजमध्ये एक बाटली आणून ठेवली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची.

"आई, कॉलेजातला फ्रिज बिघडला. दह्याच्या जंतूवरचं काम हाय माह्यं. हात नोका लावू."

आपल्याच घरातल्या फ्रिजला हात लावायचा नाही, हे विमलाबाईंना झोंबलं. पण कॉलेज ज्या दह्यावर काम करतं, ते काही साधंसुधं नसणार, असाही त्यांनी हिशेब केला. रात्री काल्याच्या दुधात नेहमीच्या विरजणासोबत बाटलीतलं दोन चमचे ओतून त्या निश्चिंत झोपल्या.

सकाळी हंडीत दूध जसंच्या तसं.

"चहा टाक मंग," नवरा महादेवराव म्हणाले.

विमलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चहा न घेताच शेतावर गेले.

मग सपना आणि सुमती या शेजारणींकडून एकेक वाटी विरजण आलं. वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत. विमलाबाईंनी त्या न लागलेल्या दुधात साखर घालून दोन्ही वाट्या भरून पाठवल्या. ते पिण्याऐवजी दोघींनी आपापल्या विरजणाच्या दुधात ओतलं. विमलाबाईंच्या हंडीतलं म्हटल्यावर मोह आवरतो कुणाला? त्यांच्या वाट्या पुढच्या घरांत गेल्या, त्याही भरूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मनकर्णाबाईंचं घर सोडलं तर, गल्लीत एकाही घरी दही लागलं नव्हतं.

"काय टाकलं व त्या दुधात?" सपना दारातूनच ओरडली.

गलका ऐकून वर्षाली आली. तिनं फ्रिज उघडला, बाटली उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला.

"आई, यात व्हायरस हाय!"

सुमतीनं पदर नाकाला लावला.

"मानसाले काई करत नाई तो," वर्षाली घाईनं म्हणाली. "फक्त दह्याचे जंतू मारते. तुमच्या सगळ्याइचं विरजण एकाच खानदानाचं, म्हणून सगळंच मेलं."

विमलाबाईंनी हंडीकडे पाहिलं. उद्या काला. देवापुढे रिकामी हंडी न्यायची?

"दुसऱ्या खानदानाचं विरजण पायजे," वर्षाली म्हणाली. सगळ्यांच्या नजरा समोरच्या दाराकडे वळल्या.

विमलाबाईंनी दोनदा पदर सारखा केला, आणि त्या निघाल्या.

"काऊन? आता आंबट नाई लागत?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आंबट तर हायच," विमलाबाई म्हणाल्या. "पन दही हाय, बाई."

मनकर्णाबाई हसल्या आणि वाटी भरून दिली. गडबडीत विमलाबाईंनी विरजण त्याच हंडीत लावलं, नुसती विसळून. सकाळी दही असं घट्ट, की हंडी तिरपी केली तरी हलेना. काला झकास झाला. आनंद सगळ्यांत जास्त झाला तो वर्षालीला. व्हायरसच्या हंडीतही लागलेलं ते दही वाटीभर घेऊन ती कॉलेजात पळाली.

काही दिवसांनी ती नाचतच घरी आली. "आई, जे जंतू मी शोधून राह्यली होती ना, ते समोरच्या घरी निघाले! यायनं कधीकाळी ह्या व्हायरसचा एक तुकडा आपल्या जनुकात खोचून ठेवला. तो पुन्हा आला का वळखतात, अन् कात्रीनं कापावं तसे कापतात. तीच कात्री आता शास्त्रज्ञ पिकाइचे जनुक बदलाले वापरतात."

"मनकर्णाचेच जंतू ते," विमलाबाई म्हणाल्या. "एक गोष्ट धरून ठेवली का जनमभर सोडत नाई."

"त्याइले नाव बी 'मनकर्णा' देल्लं."

विमलाबाईंचा चेहरा पडला. "अन् माह्यं?"

वर्षाली अडखळली. "बाटलीतल्या व्हायरसले नाव द्याचं राह्यलं हाय अजून. पन..."

"अख्खी गल्ली कोनं आडवी केली?"

"व्हायरसनं."

"मंग दे माह्यं नाव!"

त्या संध्याकाळी विमलाबाई मनकर्णाबाईंची वाटी परत करायला गेल्या. रीतीप्रमाणे वाटी साखर घातलेल्या दह्यानं काठोकाठ भरलेली होती. नावाची बातमी त्यांच्या आधीच तिथं पोचली होती. मनकर्णाबाईंनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "यात तू तं नाईस ना, विमल?"