गोड म्हणजे कसलं गोड?

आमचे गुंडूअण्णा दरवर्षी शिमग्याच्या सुमारास हुबळीहून विजापूरकडे द्राक्षांच्या मळ्यात जात आणि तिथे एकही द्राक्ष खात नसत.

द्राक्षं दुसऱ्यानं खायची. अण्णांनी समोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचं आणि विचारायचं, "कशी आहेत?"

"गोड आहेत, अण्णा."

"गोड म्हणजे कसलं गोड? गूळ पण गोड, रताळं पण गोड. नीट सांगा की हो!"

या परीक्षेत त्यांचा मुलगा नापास झाला, मग जावई. शेवटी पाळी माझ्यावर आली. कमरीपेठेतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानाला लागून मी राहायचो आणि रेल्वेत कारकून होतो. रेल्वेवाला बरोबर असला की गाडी चुकत नाही, अशी अण्णांची समजूत. गदगला गाडी चुकलीच. अण्णा मिरचीभज्यांचा दुसरा घाणा निघायची वाट बघत होते.

अण्णांनी काशीला द्राक्षं सोडली आहेत, एवढं सगळ्या पेठेला ठाऊक होतं. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची, ही रीत. माझ्या आत्यानं फणस सोडला, तर फणसाचं नाव निघालं तरी ती उठून जायची. सोडलेल्या फळाच्या मळ्यात हौसेनं जाणारा माणूस मात्र मी दुसरा पाहिला नाही. हे व्रत होतं, अण्णांचा छळ होता की माझा, काही उलगडेना.

मळ्याचा मालक बसप्पा अण्णांचा जुना दोस्त. मांडवाखाली घोंगडं अंथरलेलं, डोक्यावर घड लोंबताहेत आणि समोर ज्वारीच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगांची चटणी, गव्हाची हुग्गी म्हणजे गुळातली खीर. अण्णांनी हुग्गी तिसऱ्यांदा घेतली आणि पोट धरून बसले. बसप्पानं आतून मातीचा बुधला आणला.

"औषध ऐतरी, कुडीरी," औषध आहे, प्या, म्हणत त्यानं वाटी भरून दिली.

अण्णांनी ती रिकामी केली, डोळे मिटले आणि "फार चांगलं औषध आहे हो," म्हणून दुसरी मागितली. तिसरीला गाल तांबडे झाले आणि ते उगीचच हसू लागले. मग विचारलं, "कशाचं करता हे?"

"द्राक्षांचंच की. रस काढून मुरवत ठेवतो."

अण्णांच्या हातातली वाटी घोंगड्यावर पडली.

"घोटाळा झाला की हो, रेल्वेवाले! दारू प्यालो ते राहू दे, द्राक्षं पोटात गेली की!"

स्टेशनकडे परतताना बैलगाडीत तेच. रस म्हणजे फळ का? मुरला की तो औषध होतो का? आधी मला विचारलं, मग गाडीवानाला, मग डावीकडच्या बैलाला. थेंबभरही न पिता माझं डोकं गरगरायला लागलं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अण्णा, एवढं होतं तर मळ्यात येता कशाला?"

अण्णांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"काशीत भटजींनी आमच्या हिला विचारलं, बाई, काय सोडता? द्राक्षं हिच्या ओठांवर आलीच होती. दुसरी कसली आवड होती तिला? मी मध्येच बोलून टाकलं, द्राक्षं मी सोडली. हिला म्हटलं, तू कारलं सोड." ते जरा हसले. "मग दर वर्षी तिला इथं आणायचो. ती खायची आणि मला चव सांगायची. ती गेल्यापासून कोणी नीट सांगतच नाही हो. चव पार विसरून गेलो होतो मी."

"ते औषधच होतं, अण्णा. व्रत मोडलं नाही," मी म्हणालो.

"हौदल्ल? नक्की?"

"नक्की."

मग अण्णा हळूच म्हणाले, "आधी गोड. मग घशाशी जरा आंबट. मग वाटतं, अजून एक घ्यावं. त्या औषधात अगदी हेच लागलं. ती असंच सांगायची. मला वाटायचं, माझं मन राखायला रचून सांगते."

बसप्पानं दिलेल्या टोपलीतला एक घड त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी खाऊ लागलो. कशी आहेत, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.