मजेत

सबनीस डॉक्टरांना विंचू डसला तो माझ्याच पडवीत. सकाळी आठाला दवाखान्यात निघाले होते. बूट झटकायचा सोडून आत हात घातला. हात जो झटकला तो उखळावर आपटला, मनगटावरचं घड्याळ दणकलं, अन् गडी पडवीभर नाचला. मी विचारलं, "कसं काय, डॉक्टर?"

दात आवळून म्हणाले, "मजेत, तात्या. एकदम मजेत."

ताप असो, फाके पडोत, त्यांचा हा एकच जबाब. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली ते शिकाऊ म्हणून पुण्याहून आमच्या गावात आले. सुप्याला एसटीतून उतरून पुढं बैलगाडीनं. मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगानं ज्वारीचं धाट. राहायला माझ्या पडवीलगतची खोली. मोठ्या डॉक्टरांना दोन गावं सांभाळायची, म्हणून आमच्याकडचा खोकला-बाळंतपण सगळं ह्यांच्या गळ्यात.

रातच्याला झोप नाही, म्हणून दिवसा मिळेल तिथं झोपायचे. एकदा भागू म्हातारीची छाती तपासताना नळ्या कानात तशाच राहिल्या अन् ह्यांचं डोकं म्हातारीच्या खांद्यावर. म्हातारी एरवी लई खोकायची, पण तिनं खोकला दाबून धरला. मागच्या रांगेला हळूच म्हणाली, "लेकरू निजलंय. कुनी हालू नगा." सगळा दवाखाना गप बसला. डॉक्टर जागे झाले अन् म्हणाले, "खोकला पुष्कळ कमी आहे." म्हातारी गावभर सांगत सुटली, डॉक्टरच्या हाताला गुण हाय.

स्वयंपाकाचं तर विचारू नका. पिठल्याच्या गुठळ्या गोफणीत घालून पाखरं राखता आली असती. माझी कारभारीण रोज त्यांना बोलवून वाढायची. तिला ते आई म्हणायचे. पोटात काय गेलंय का, असं तिनं विचारलं की हे म्हणायचे, मजेत. ती म्हणायची, "मजेतवर भाकरी कुस्करता येती का?" अन् कालवणाची वाटी पुढं सरकवायची.

विंचवाच्या पाठोपाठच्या थंडीत कारभारीण गेली. छातीत कळ आली. डॉक्टर अनवाणी धावत आले, तिचं मनगट धरून बसले. ती गेली हे मला कळलं, पण हे काही हात सोडेनात. शेवटी मीच त्यांची बोटं सोडवली.

खरं सांगतो, त्यानंतर मला जगायचीच गोडी राहिली नव्हती. भाकरी थापली तर करपायची, ती कुत्र्याला. मग तेबी सोडलं. चूल थंड अन् मी चुलीपुढं.

तेव्हा डॉक्टर रोज दिवेलागणीला माझ्यासमोर येऊन बसायला लागले. म्हणायचे, हात बघू, तात्या. मग घड्याळाकडं बघत, ओठ हलवत नाडी मोजायचे. मोजून झालं की निकाल ठरलेला: अशक्त आहे, जेवला नाहीत, मीपण नाही जेवलो, चला पिठलं टाकू. नाडीवरून चुलीची बातमी कळते, हे मला नवीन होतं. गुठळ्या दोघं मिळून फोडायचो.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. हात त्यांच्या हातात होता अन् माझी नजर सहज घड्याळावर गेली. मला अक्षर बेताचं कळतं, पण घड्याळ कळतं. बाहेर नुकती दिवेलागण अन् काटे आठावर. सकाळचे आठ, विंचवाच्या वेळचे. सेकंदाचा बारका काटा मेलेला. म्हणजे इतके दिवस हा गडी बंद घड्याळावर माझी नाडी मोजत होता.

मी विचारलं, "कसं काय, डॉक्टर?"

मजेत काही आलं नाही. मग खाली बघून म्हणाले, "आईंची नाडी माझ्या हातातून गेली, तात्या. रोज एक चालू नाडी हाताला लागली, की मग झोप येते."

मी दुसरा हात पुढं केला.

"ह्याचीबी बघा," म्हटलं. "हा डावा जरा खोडील हाय. सावकाश मोजा."