सगळ्यांची एकच चौकट

सासऱ्यांच्या निधनाची सूचना आपल्याच वेबसाइटवर टाकायचं काम साहेबांनी स्वतःहून अंगावर घेतलं. सासूबाईंच्या लेखी ते अजून ‘मुलीचं नशीब’ एवढेच होते. आता तरी त्यांच्या तोंडून एक बरा शब्द निघावा, एवढीच आशा.

वेबसाइट खरी लग्नाची आमंत्रणं आणि वाढदिवस यांची. काटकसरीने साहेबांनी सगळ्या पानांना एकच सामाईक चौकट ठेवली होती: वर फुगे, खाली ‘आमच्या आनंदात सहभागी व्हा’.

“साहेब, त्या चौकटीला थेट हात लावू नका,” प्रोग्रॅमर ताई म्हणाली. “ती सगळेच वापरतायत. मी वेगळी प्रत करते, तपासते, मग तुमच्या पानाला जोडते.”

“घरात माणूस गेलंय आणि तुम्ही प्रती काढत बसा! फुगे पुसायचे, काळी किनार ओढायची, खालची ओळ बदलायची. एवढं मलाही येतं.”

आलंही. किनार झोकात उमटली. साहेबांनी सगळ्या गोतावळ्याला लिंक धाडली, तोच ऑफिसचा फोन खणाणला.

“अहो, माझ्या मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणाला काळी किनार?” एक वधूपिता कडाडला. “आणि जावयाच्या फोटोखाली ‘ही पोकळी कधीच भरून निघणार नाही’? व्याही विचारतायत, मुलगा तर घरात जेवतोय, मग गेलं कोण?”

साहेबांनी घाईघाईने जुनी चौकट परत बसवली. वधूपिता थंड झाला आणि इकडे सासऱ्यांच्या डोक्यावर फुगे तरंगू लागले. गोतावळा नेमका तेव्हाच लिंक उघडत होता.

“ताई, काढा हो ते!”

“काढते. आधी तुम्ही माउसवरचा हात काढा.”

तेवढ्यात सासूबाईंचाच फोन.

“जावईबापू, ते फुगे...”

“आई, ते माझं काम नाही!” साहेब एका दमात म्हणाले. “ऑफिसातल्या बाईंनी केलं. मी तर काळी किनारच घातली होती. उद्याच काढून टाकतो त्यांना.”



“कोणालाही काढू नका. बाईंनाही आणि फुग्यांनाही. ह्यांना रडकं घर कधी सोसलं नाही. आजारपणात भेटायला येणाऱ्यांना दारातूनच सांगायचे, आधी तोंड धुऊन या. सकाळपासून इथे जो तो खाली मान घालून बसलेला. फुगे बघून तुमची बायकोसुद्धा खुदकन हसली. मी म्हटलं, चला, जावयाने माझ्या माणसाला ओळखलं म्हणायचं.” त्यांनी नाक पुसलं. “पण ते तुम्ही नव्हतातच. त्या बाईंना द्या बघू फोन.”

साहेबांनी मुकाट्याने फोन ताईपुढे धरला.