शेपूट येईपर्यंत

स्वप्नालीनं आनंदाच्या भरात दार धाडकन लावलं आणि चौकटीतल्या पालीचं शेपूट तुटलं. झालं होतं ते एवढंच. पाल पसार झाली, शेपूट मात्र उंबऱ्यावर वळवळत राहिलं, आणि तिच्या सासूनं, सुंदरीबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई बाई! जैनाच्या घरात हिंसा! एवढी कसली घाई?"

"आव्वा, नोकरी लागली मला! कुपवाडला, कारखान्यात. माल तपासायची. एक तारखेपासनं."

आता खरं सांगायचं तर सुंदरीबाईंना पालीपेक्षा ही नोकरीच जास्त झोंबली. सून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेली आहे, हे लग्नात त्यांनीच पाहुण्यांना मिरवून सांगितलं होतं. पण मिरवणं वेगळं आणि सुनेनं रोज गाडीवर टांग टाकून कुपवाडला जाणं वेगळं! त्यांनी लगोलग तिला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेऊन उभं केलं.

"प्राश्चित्त घ्यावं लागंल. पालीला शेपूट येईपतूर नोकरीला जाणार न्हाई, असा नियम घे."

तुटलेलं कधी परत येतं का, हा त्यांचा कावा. देवासमोर घेतलेला नियम त्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता. स्वप्नालीचे डोळे भरून आले, पण मान काही खाली गेली नाही.

"घेते," ती म्हणाली. "पण शेपूट आलं की मी जाणार. हेबी देवासमोरच सांगते."

घरी आल्यावर नवऱ्यानं, जिनेशनं, मोबाइलमध्ये बघून हळूच सांगितलं, "अगं, पालीला येतंय की परत शेपूट! महिना-दोन महिने लागत्यात."

एक तारखेला चाळीस दिवस होते. स्वप्नालीनं कंबर कसली.

पाल खाईल तर शेपूट वाढेल. म्हणून ती दिवेलागणीला दारावरचा बल्ब लावायची. किडे जमायचे, पाल यायची. आणि सुंदरीबाई येऊन बल्ब बंद करायच्या.

"किडं मरत्यात. पाप लागतंय."

"नियम मी घेतलाय आव्वा, पालीनं न्हाई! ती कशाला उपाशी मरंल?"

सून लावायची, सासू विझवायची. आठवड्यात बल्बच उडाला आणि पाल कंटाळून शेजारच्या बयाबाईच्या स्वयंपाकघरात गेली. बयाबाईनं झाडू उगारला, तोच स्वप्नाली मधली भिंत ओलांडून आत धडकली.

"मारू नका, बयाबाई! माझी नोकरी हाय ती!"

बयाबाईचा झाडू हवेतच राहिला. "पोरी, बरी हायस न्हवं?"

सगळं ऐकल्यावर मात्र बयाबाई पेटली. तिनं आपल्या भिंतीवर चांगला मोठा बल्ब लावला आणि सुंदरीबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता ह्यो बंद करून दाखवा म्हणावं!" दोनच दिवसांत गोष्ट गल्लीभर झाली. दूधवाला दूध घालताना विचारू लागला, "वैनी, आलं का शेपूट?"

एकोणचाळिसाव्या दिवशी, दुपारची जेवणं उरकली आणि पाल आपल्या पायांनी घरी परतली. भिंतीवर ऐटीत बसली. शेपूट होतं! आखूड, फिकट, बिनठिपक्यांचं, पण होतं.

सुंदरीबाईंनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं.

"हे मूळचं न्हवं. रंग बघ की. नकली हाय. मूळचं आल्याबिगर नियम सुटत न्हाई."

स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवण झाल्यावर सुंदरीबाई कवळी धुऊन वाटीत ठेवत. ती वाटी तिनं उचलली आणि सासूच्या पुढ्यात ठेवली.

"हे दात मूळचं हायत व्हय, आव्वा?"

सुंदरीबाईंचा हात वाटीकडे गेला.

"न्हाईत न्हवं? मग उठा, चला बस्तीत. मूळचं दात येईपतूर भाकरी चावणार न्हाई, असा नियम तुमीबी घ्या. तुमी तुमचा पाळा, मी माझा पाळते."

पालीच्या मागोमाग दाराबाहेर येऊन उभी राहिलेली बयाबाई खुदकन हसली. सुंदरीबाईंनी कवळी तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून बघितला.

"लय तोंड चालतंय तुझं."

"व्हय. ह्याच घरात शिकले."

सुंदरीबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि मागं न बघता, सगळा रुबाब सांभाळत त्यांनी विचारलं, "उद्या डब्याला भाकरी देऊ का चपाती?"